माळ्यावरचे आकाशकंदील

२०२४ सालच्या गुढीपाडव्याच्या आदल्या दिवशी साखरेच्या गाठी आणायला मी आमच्या बाजारगावातील एका दुकानात गेलो होतो. गाठींची पेटी काढण्यासाठी दुकानदारकाकांनी माळ्याला शिडी लावली, तर पेटीच्या आधी खाली आला तो एक आकाशकंदील. झिरमिळ्या चुरगळलेल्या, कडेचा सोनेरी कागद उंदरांनी कुरतडलेला. त्याच्या पाठोपाठ दुसरा आला, मग तिसरा. चैत्राच्या उन्हात दुकानाच्या पायरीवर दिवाळी सांडलेली पाहून मला हसू आवरेना. काका मात्र हसले नाहीत. म्हणाले, "हसतोस काय? अजून साठ-सत्तर आहेत वर. ठोकवाल्याचे पैसे मी मार्गशीर्षातच चुकते केले."

अर्थशास्त्राचा विद्यार्थी असल्याच्या तोऱ्यात मी विचारले, की इतके मागवलेच कशाला? ते म्हणाले, "मागल्या दिवाळीत शंभर गेले, दहा-बारा गिऱ्हाइकं परत गेली. म्हणून यंदा सव्वाशे सांगितले."

या उत्तराला हसण्याचा अधिकार आपल्यापैकी कोणालाही नाही असे माझे मत आहे. मागच्या वर्षीचा आकडा घ्यावा, त्यात वाढीची थोडी भर घालावी आणि पुढच्या वर्षीची मागणी काढावी, हेच तर आपल्या पाठ्यपुस्तकातही आहे. फक्त तिथे ते अधिक जड शब्दांत आहे. मग काकांचे चुकले कोठे? हा प्रश्न एका दुकानाच्या माळ्यापुरता नाही. सबंध बीड जिल्ह्याच्या बाजारपेठेचा तो प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर वाणिज्य शाखेच्या मित्रांवर सोपवून आपण कला शाखेच्या मंडळींनी स्वस्थ बसावे हे मला पटत नाही. का पटत नाही ते सांगण्यासाठीच हा लेखनप्रपंच.

आपल्याकडच्या किरकोळ दुकानदाराचे वर्ष बारा महिन्यांचे नसते. ते पाच-सहा आठवड्यांचे असते. मृगाच्या तोंडावर बियाणे आणि खते, शाळा उघडताना वह्या-दप्तरे, श्रावणी अमावस्येला पोळ्याचा साज, मग महालक्ष्म्यांचे साहित्य, नवरात्र, दसरा-दिवाळी, संक्रांतीचे वाण आणि उन्हाळ्यातली लग्नसराई. या आठवड्यांच्या मधले दिवस मिठा-साबणावर निभतात. भाजीवाल्याचा सोमवारचा अंदाज चुकला तर तो मंगळवारी सुधारतो. हंगामी मालाचे तसे नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी बाशिंगाला विचारणारे कोणी नसते, आणि चूक सुधारण्याची पुढची संधी एक वर्षाने येते. पुण्या-मुंबईत एका पेठेत न खपलेला माल दुसऱ्या उपनगरात जातो. इथे तो माळ्यावर जातो. त्यात अडकलेली रक्कम बहुधा उधारीची असते, आणि तिचे व्याज शेवटी मीठ-साबण घेणाऱ्यांच्याच खिशातून निघते. माळ्यावरचे ते कंदील काकांनी एकट्याने विकत घेतलेले नाहीत. थोडेथोडे आम्ही सर्वांनीच घेतले आहेत.

आता २०२३ च्या त्या दिवाळीची थोडी उलटतपासणी करू. काकांनी माल सांगितला गणपतीच्या सुमारास. त्या वेळी काय काय ठाऊक होते? त्या वर्षी श्रावण अधिक होता, १८ जुलै ते १६ ऑगस्ट. त्यामुळे पुढचे सगळे सण जवळजवळ तीन आठवडे पुढे सरकले. २०२२ साली लक्ष्मीपूजन २४ ऑक्टोबरला होते, ते २०२३ साली १२ नोव्हेंबरला आले. ही गोष्ट तर कोणत्याही पंचांगात छापलेली होती. दुसरी गोष्ट पावसाची. देशातला १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट त्या वर्षी गेला, आणि डोंगरपट्ट्यातली पिके माना टाकत असल्याचे दुकानाच्या पायरीवर बसूनही दिसत होते. पुढे ३१ ऑक्टोबरला शासनाने राज्यातील ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, त्यांत आपल्या जिल्ह्यातील वडवणी, धारूर आणि अंबाजोगाई हे तीन होते. तिसरी गोष्ट साखर कारखान्यांची. गाळप १ नोव्हेंबरपासून सुरू करण्याचे ठरले होते, म्हणजे लक्ष्मीपूजनाच्या अकरा दिवस आधी. ज्या घरांच्या दारात कंदील लागायचे, त्यांतली कित्येक माणसे दिवाळीला दारात नव्हतीच. ती उसाच्या फडात कोपी घालून राहिली होती. आणि चौथी गोष्ट म्हणजे ऑक्टोबरअखेर बीडमध्ये झालेली जाळपोळ आणि लागलेली संचारबंदी. ती मात्र कोणत्याही वहीत किंवा पंचांगात असणे शक्य नव्हते.

म्हणजे चारपैकी एकच कारण दैवाचे. एक वर्षानुवर्षे आधी ठाऊक असलेले, दुसरे ऑगस्टअखेर डोळ्यांनी दिसणारे आणि तिसरे ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत कळण्यासारखे. "धंदा नशिबाचा" असे आपले दुकानदार म्हणतात तेव्हा ते या चारही गोष्टी एकाच पोत्यात भरतात. माझा आक्षेप आहे तो या पोत्याला.

हंगामी विक्रीच्या अंदाजाचे शास्त्र तसे जुने नाही. अमेरिकेत चार्ल्स होल्ट यांनी १९५७ साली आणि पीटर विंटर्स यांनी १९६० साली जी रीत मांडली, ती आजही जगभर वापरली जाते. तिचा गाभा सोपा आहे. विक्रीच्या आकड्यात तीन गोष्टी मिसळलेल्या असतात : नेहमीची पातळी, वर्षानुवर्षांची चढउतार आणि ऋतूचा फेरा. त्या वेगळ्या करायच्या, आणि जुन्या वर्षांपेक्षा अलीकडच्या वर्षांना अधिक वजन द्यायचे. गणित फार अवघड नाही, आणि आता तर संगणक ते क्षणात करतो. पातळी, चढउतार आणि फेरा वेगळे करण्याची ही दृष्टी मला फार मोलाची वाटते. पोळ्याच्याच साजाचे घ्या. झुली, गोंडे, घुंगरमाळा, कासरे, शिंगांचे बेगड यांचा खप घटला की दुकानदार पावसाला बोल लावतो. पण २०१२ आणि २०१९ या दोन पशुगणनांच्या दरम्यान देशातील गोवंशातल्या नरांची संख्या सुमारे ३० टक्क्यांनी घटली. बैलाच्या जागी ट्रॅक्टर आला. हा ऋतूचा फेरा नव्हे, ही उतरंड आहे, आणि चांगला पाऊस पडल्याने ती थांबणार नाही. उलट ज्यांच्या दावणीला बैल उरला नाही ते मातीची जोडी आणून पुजतात, तेव्हा मातीच्या बैलांचा खप वाढलेला दिसतो. असो.

पण या पाश्चात्त्य रीतीचा फेरा असतो बारा इंग्रजी महिन्यांचा. ख्रिस्ती नाताळ दरवर्षी २५ डिसेंबरलाच येतो, त्यामुळे तिथे ते चालते. आपली दिवाळी कधी ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात, तर कधी नोव्हेंबरच्या दुसऱ्या. जानेवारी ते डिसेंबर असे बारा खण करून आकडे भरले, तर यंत्राला एका वर्षी ऑक्टोबर तेजीचा वाटेल आणि दुसऱ्या वर्षी मंदीचा, आणि दोन्ही वेळा ते साफ चुकेल. आपल्या बाजारात त्या खणांत नेमकी बसणारी मोठी तिथी एकच, ती म्हणजे संक्रांत. कारण ती सूर्यावर चालते.

यावर उपाय आहे आणि तो आपल्या पणजोबांना ठाऊक होता. जुन्या व्यापाऱ्यांच्या चोपड्यांत शक, महिना, पक्ष आणि तिथी लिहिलेली असे. दिवाळीत चोपडीपूजन करून पाडव्यापासून नवे खाते सुरू होई. म्हणजे त्यांच्या वर्षाची सुरुवातच सणाला बांधलेली होती. आश्विन वद्य द्वादशीला किती माल गेला हे दोन चोपड्या शेजारी ठेवून त्यांना सरळ ताडून पाहता येत असे. आपण तारखेच्या वह्या धरल्या आणि ही सोय घालवली. लक्ष्मीपूजनाच्या आधी किती दिवस, या हिशोबाने विक्री मांडली की होल्ट-विंटर्स यांचे गणितही आपल्याकडे निमूटपणे चालते.

अधिक महिन्याचे तर विचारूच नका. साधारण बत्तीस-तेहतीस महिन्यांनी येणारा हा धोंड्याचा महिना म्हणजे जावयांचा सण आणि दुकानदारांचे कोडे. लग्ने बंद, म्हणून बस्त्याची दुकाने ओस. पण जावयाला कपडे, लेकीला लुगडे, तांब्याचे किंवा चांदीचे दिवे आणि घरोघरी अनारसे यांची गर्दी. २०२६ साली ज्येष्ठ अधिक आहे, १७ मे ते १५ जून. ऐन लग्नसराईतून एक महिना कापला जाणारा हा मे महिना कसा असेल ते २०२५ च्या वहीत पाहून कसे कळेल? त्यासाठी २०१८ ची वही उघडावी लागते, कारण त्या वर्षीही ज्येष्ठच अधिक होता, १६ मे ते १३ जून. त्याही मागे गेलो तर २००७ साली अधिक ज्येष्ठ नेमका १७ मे ते १५ जून असाच आला होता. एकोणीस वर्षांनी चांद्र आणि सौर मान पुन्हा जुळते हे खगोलशास्त्र आपण भूगोलात शिकतो आणि परीक्षा संपताच विसरतो. दुकानदाराच्या पोराला ते ठाऊक असते तर त्याने २००७ ची वही रद्दीत घातली नसती. माझ्या माहितीतल्या तीन दुकानांपैकी एकाकडेही ती शिल्लक नाही.

पंचांगावरून आठवले. त्यात पावसाच्या नक्षत्रांची वाहनेही दिलेली असतात, आणि बेडूक, म्हैस अशा वाहनांवर भरवसा ठेवून छत्र्या मागवणारे एक गृहस्थ माझ्या परिचयाचे आहेत. अक्षय्य तृतीयेला बुलढाणा जिल्ह्यातील भेंडवळची घटमांडणी होते, तिचे भाकीतही आपल्याकडे आवडीने वाचले जाते. मी पंचांगाची बाजू घेतो ती तिथींपुरती, वाहनांपुरती नव्हे. तिथी हे गणित आहे आणि बेडूक ही गंमत आहे. २०२५ च्या मे महिन्यात वळवाने आणि लवकर आलेल्या मोसमी पावसाने उन्हाळाच धुऊन नेला. कूलर आणि माठ दुकानांत पडून राहिले. अशा वेळी हवामान खात्याचा पंधरवड्याचा अंदाज वाचून दुसरी खेप थांबवणारा दुकानदार वाचला असता. बेडूक कोणाच्या कामी आल्याचे ऐकिवात नाही.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. तिथी आणि पाऊस यांच्या जोडीला बीड जिल्ह्यात एक तिसरे पंचांग आहे, ते साखर कारखान्यांचे. ते ठोकवाल्याला पुण्यात बसून दिसत नाही आणि संगणकालाही दिसत नाही. दरवर्षी या जिल्ह्यातून लाखो माणसे ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. दसरा झाला की टोळ्या हलू लागतात आणि कारखान्याचा पट्टा पडला की पाडव्याच्या मागेपुढे परत येतात. धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर कासार या डोंगरपट्ट्यातल्या कोणत्याही बाजाराला विचारा. त्याचे खरे दोन हंगाम म्हणजे लोक जाण्याचा आणि लोक येण्याचा. जाण्याच्या बाजारात ताडपत्री, जर्मनची पातेली, चादरी, विळे-कोयते, बॅटऱ्या, लहान मुलांच्या टोप्या आणि बाजरी-पीठ-मीठ खपते. पूर्वी रॉकेलचे कंदीलही खपत. येण्याच्या बाजारात लग्नाचे कपडे आणि घरावरचे पत्रे खपतात. मध्ये संक्रांत येते, शहरातली दुकाने वाणाच्या वस्तूंनी फुलतात, पण अर्ध्या रिकाम्या गावात हळदीकुंकवाला म्हाताऱ्या सासवाच तेवढ्या उरतात.

यात आणखी एक मेख आहे. गाळप कधी सुरू करायचे ते राज्याची मंत्रिसमिती दरवर्षी ठरवते, आणि ती तारीख सणांकडे पाहून ठरत नाही. २०२२ साली ती १५ ऑक्टोबर होती, २०२३ साली १ नोव्हेंबर, २०२४ साली १५ नोव्हेंबर आणि २०२५ साली पुन्हा १ नोव्हेंबर. आता या तारखा लक्ष्मीपूजनाशेजारी ठेवून पाहा. २०२३ साली गाळप दिवाळीच्या अकरा दिवस आधी होते. २०२४ साली लक्ष्मीपूजन १ नोव्हेंबरला, म्हणजे गाळपाच्या चौदा दिवस आधी. एका वर्षी कंदील लावायला घरात माणूस नाही, दुसऱ्या वर्षी सगळे घर भरलेले. विक्रीत जो फरक पडेल त्याला ना ऋतू कारण, ना चढउतार. तो या दोन पंचांगांच्या अंतराचा फरक आहे. आठवडी बाजारात एका म्हातारबांनी ताडपत्रीची घासाघीस करताना दुकानदाराला सांगितले, "आवंदा आमी दिवाळी हितंच करतू. मुकादम म्हनला पाडवा करून निघू." दुकानदाराने मान डोलावली आणि ताडपत्रीचा भाव वीस रुपयांनी कमी केला. एवढी मोलाची माहिती फुकट मिळाली होती. त्याने ती कुठेही टिपली नाही.

हंगामाच्या या भरभराटीबद्दल मला एक कडू गोष्टही सांगितली पाहिजे. दसऱ्याच्या सुमारास बाजारात जो पैसा खुळखुळतो तो पुष्कळसा उचलीचा असतो. उचल म्हणजे मिळकत नव्हे. ती पुढच्या सहा महिन्यांच्या तोडीवर घेतलेली रक्कम आहे, आणि कोयत्याला, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीला, ती फडात घाम गाळून फेडायची असते. फिटली नाही तर पुढच्या वर्षाच्या मानेवर बसते. दुकानदाराच्या रोजमेळात मात्र ती 'रोख विक्री' म्हणून जमा होते. वर्ष जितके वाईट, शेतात जितके कमी, तितकी उचल घेणारी माणसे अधिक; म्हणजे दुष्काळी वर्षात दसऱ्याचा बाजार वरकरणी बरा दिसू शकतो. आकड्यावर विश्वासून पुढच्या वर्षीचा माल वाढवणारा मनुष्य खरे तर दुसऱ्याच्या कर्जावर आपले कर्ज रचत असतो.

याहून ठसठशीत उदाहरण बियाण्यांचे आहे. पुरेशी ओल झाली की चार दिवसांत सगळा तालुका कृषी सेवा केंद्राच्या दारात उभा राहतो. मग पावसाने दडी मारली की उगवलेले जळते आणि दुबार पेरणीसाठी तीच माणसे पुन्हा येतात. २०२० सालच्या जून-जुलैत मराठवाड्यात सोयाबीन उगवलेच नसल्याच्या हजारो तक्रारी झाल्या आणि शेतकऱ्यांना नव्याने पेरावे लागले. अशा वर्षी पिशव्यांचा खप वाढतो. वहीत ते वर्ष 'चांगले' ठरते! पुढच्या वर्षीची मागणी कोणी त्या आकड्यावरून काढली तर तो दुःखालाच मागणी समजला असे म्हणावे लागेल. आणि नेमक्या उलट बाजूने, एखाद्या वाणाचा माल जूनच्या दुसऱ्या आठवड्यात तुटला तर वहीत दिसते की या वाणाची विक्री थांबली. थांबली ती विक्री, मागणी नव्हे. परत गेलेल्या शेतकऱ्याची नोंद कोणी करीत नाही. तो चढ्या भावाने दुसरीकडून घेतो किंवा नको असलेले वाण पेरतो. इथे अंदाज चुकल्याचा भुर्दंड दुकानदार भरत नाही, वर्षभर शेतकरी भरतो. सरकार बीटी कापसाच्या पाकिटाची किंमत ठरवून देते, २०२५ साली ४७५ ग्रॅमच्या पाकिटाला ९०१ रुपये. पण पाकीट वेळेवर दुकानात असेल की नाही हे किंमत ठरवून ठरत नाही.

म्हणून मला वाटते की अंदाज चुकणार हे धरूनच चालावे, आणि आधी विचारावे की कोणती चूक अधिक महागात पडेल. अर्थशास्त्रात याला वर्तमानपत्र विक्रेत्याचा प्रश्न म्हणतात, कारण संध्याकाळी उरलेला अंक रद्दी होतो. समजा कंदील साठला घेतला आणि शंभरला विकला. उरला तर त्याचे वीसच येणार. एक कमी पडला तर चाळीस बुडतात, एक उरला तरी चाळीसच बुडतात. तेव्हा मागणी आपल्या मालाच्या वर जाण्याची आणि खाली राहण्याची शक्यता सारखीच वाटेल तिथे थांबावे. त्यापुढे एकही घेऊ नये. ताडपत्री समजा आठशेला घेतली, साडेनऊशेला विकली, आणि उरली तरी पुढच्या वर्षी खपते. बुडते फक्त व्याज, ऐंशी-शंभर रुपये. तिथे थोडी जास्तच घ्यावी. काकांनी दोन्ही माल एकाच हाताने, एकाच टक्क्याने वाढवला. ताडपत्र्या नोव्हेंबरच्या आधीच संपल्या होत्या हे सांगायचे राहिलेच.

यावर दोन बाजूंनी आक्षेप येतील. आमच्या वर्गातलाच एक मित्र म्हणतो, की हे सारे आता मोठ्या कंपन्यांची यंत्रे करतील; मोबाईलवर मागणी नोंदवणारे गिऱ्हाईक काय मागेल ते त्यांना आपल्याआधी कळते. कळत असेल. पण यंत्राला कळते ते नोंदलेले गिऱ्हाईक. फडात गेलेल्या बाईने काय घेतले नाही आणि का घेतले नाही, हे त्याला कोण सांगणार? दुसरा आक्षेप दुकानदारांचा, की ठोकवाला काय सांगतो ते पाहून आम्ही माल भरतो, त्याला दहा बाजारांची माहिती असते. माहिती असते हे खरे, पण त्याचा अंदाज आणि त्याचा फायदा एकाच खिशात असतात. 'दहा डझनांवर एक डझन फुकट' ही योजना मागणीचा अंदाज नव्हे. ती आपल्या माळ्याची सोय दुसऱ्याच्या माळ्यावर लावणे आहे. हंगाम संपल्यावर निदान काही हिस्सा परत घेण्याची अट जो घाऊक व्यापारी मानणार नाही, त्याच्या भाकितावर किती विश्वास ठेवावा ते ज्याचे त्याने ठरवावे.

माझी सूचना साधी आहे, आणि ती आपल्या प्राध्यापक मंडळींपुढे नम्रपणे ठेवतो. अर्थशास्त्र, भूगोल आणि समाजशास्त्र या तीन विभागांनी मिळून आपल्या आठवडी बाजाराची एक वही धरावी. तीत तारखेशेजारी तिथी असावी, आठवड्याचा पाऊस असावा, टोळ्या केव्हा निघाल्या आणि केव्हा परतल्या ते असावे, आणि निवडक दहा-बारा वस्तूंची विक्री असावी. सर्वांत महत्त्वाचा रकाना परत गेलेल्या गिऱ्हाइकांचा. २०२३-२४ पासून बालभारतीच्या पुस्तकांत वहीची कोरी पाने आली आणि २०२५ साली ती काढण्याचा निर्णय झाला. अशा गोष्टीही तिथे टिपलेल्या असाव्यात, म्हणजे वह्यांचा खप का हलला हे पुढे कोणाला शोधत बसावे लागणार नाही. आपल्या महाविद्यालयात टोळीबरोबर जाऊन आलेली, सहा महिने आजीजवळ राहून शिकलेली मुले-मुली आहेत. गाव केव्हा रिकामे होते हे त्यांना पाठ आहे. सर्वेक्षणासाठी बाहेरून कोणाला बोलावण्याची गरज नाही. पहिली पाच-सहा वर्षे या वहीचा उपयोग फारसा होणार नाही हे मी कबूल करतो. मी तोपर्यंत इथे नसेन. तरीही ती आता धरली नाही, तर पुढच्या अधिक ज्येष्ठाला पुन्हा कोणीतरी रद्दीवाल्याकडे जुन्या चोपड्या शोधत हिंडेल.

तोवर मी आणि माझ्या दोन मित्रांनी काकांच्याच दुकानात अशी एक वही ठेवली आहे. २०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यात अतिवृष्टी झाली, सिंदफणा-गोदावरीला पूर आले, उभी पिके पाण्यात गेली. 'पाऊस चांगला म्हणजे बाजार चांगला' हा नियमही त्या महिन्याने वाहून नेला. काकांनी धसका घेऊन चाळीसच कंदील मागवले. आम्ही म्हणालो, लक्ष्मीपूजन २१ ऑक्टोबरला आहे, गाळप १ नोव्हेंबरला. माणसे घरी असतील, साठ तरी सांगा. ते म्हणाले, "घरी असतील रे, पण घरात काय असेल?" त्यांचे म्हणणे आम्हाला खोडता आले नाही.

चाळीस कंदील धनत्रयोदशीच्या दुपारीच संपले. रात्री वही भरायला गेलो तेव्हा 'परत गेले' या रकान्यात काकांनी स्वतःच्या हाताने २३ हा आकडा घातलेला होता, आणि त्याच्यापुढे पेन्सिलीने लिहिले होते : 'सतराजणांना लहान, पन्नासच्या आतला पाहिजे होता.'